तिसऱ्या कडव्याआधी

वडिलांना दोन शिलिंग मिळाले होते आणि एक संत्रं.
क्लिफर्डकाकाला नुसतं संत्रं,
कारण तो गाणाऱ्यांतला नव्हता, सोबत म्हणून आलेला,
चौदा वर्षांचा, ओला मफलर, छातीत कफ.

ग्रिम्सबीहून लीड्सला, चॅपलच्या मुलांची बस.
स्टुडिओत कुणीतरी सांगितलं,
समजा तुम्ही पृथ्वी आहात
आणि फार लांबून कुणीतरी तुम्हाला ऐकतंय.
वडील अकराचे. पृथ्वी व्हायला लगेच तयार.
नाताळचं ते जुनंच गीत, पणजोबांच्याही आधीचं,
आमच्याकडे त्याची चाल शेवटी जरा खाली जाते,
धक्क्यावरून ओहोटीचं पाणी उतरतं तशी.
दोन कडवी झाली. श्वास घ्यायची जागा आली,
आणि काका खोकला.

टेप महाग होती. राहू दे, म्हणाले.

मालिकेत ते पहिल्यांदा वाजलं
शनीच्या पलीकडे भरकटलेल्या यानात.
दार लावलं की पुठ्ठ्याच्या भिंती हलायच्या.
हेडफोन घातलेल्या बाईनं हात वर केला: गप्प,
घर बोलतंय.
अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही, मिसेस ब्लँचर्डकडे,
त्यावर बर्फ आणि खरखर सारखीच दिसे.
आजीनं गाणं ऐकलंच नाही.
खोकला ऐकून म्हणाली,
तरी सांगत होते, मफलर बदल.

सहा वर्षांनी आइसलंडच्या उत्तरेला
दोरखंडांवर बर्फ चढत चढत त्याची बोट कलंडली.
वीस माणसं. शवपेटी एकही नाही.
गार झालंय, असं आमच्या घरात पुढे
कुणी चहाबद्दलही म्हणत नसे.

दुसऱ्यांदा वाजलं तोवर रंग आले होते.
मी जन्मले नव्हते, पण हे दृश्य मला पाठ आहे.
दोन सूर्यांचा ग्रह, हिरव्या रबराचे चेहरे.
ती माणसं (माणसंच म्हणू) गीत शिकली होती
अंतराळात हरवलेल्या लहरी पकडून,
अर्थ न कळता, जसंच्या तसं.
दोन कडवी म्हटली. थांबली.
आणि मग शे-दीडशे रबरी गळे
माना खाली घालून, अत्यंत आदरानं
एकदम खोकले.
त्यांना वाटलं, तेही प्रार्थनेतलंच आहे.

विनोद होता तो. देशभर हसले असतील.
आजीच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा
घरंगळत कोचाखाली गेला, कुणी काढला नाही.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
त्यांना बरोबर कळलं.

तिसऱ्यांदा फक्त श्रेयनामावलीत, अर्धा मिनिट,
वरून निवेदक पुढचा कार्यक्रम सांगत होता.
ते मोजायचं की नाही
यावर वडील आणि म्युरिअलआत्या अजून भांडतात.

आणि यंदा नवी मालिका.
तीच टेप, तोच अकरा वर्षांचा गळा.
(वडिलांचा आता चौऱ्याहत्तरचा, गंजल्या बिजागरीसारखा.)
यान खरंच सुंदर, भिंती हलत नाहीत.
आम्ही सगळे टीव्हीपुढे. दोन कडवी.
श्वासाची जागा.

स्वच्छ.

कुणा हुशार पोरानं मशीनवर बसून पुसला असेल,
आपण काचेवरचा डाग पुसतो तसा. त्याची काय चूक.
शांतता इतकी नीट होती
की वडिलांनी रिमोट उचलला, आवाज वाढवला,
वाढवत राहिले,
आणि मग तिसरं कडवं घरभर किंचाळलं.

चोवीस तारखेला चॅपलमध्ये एकोणीस डोकी, हीटर अर्धाच चालू.
दुसरं कडवं संपलं,
ऑर्गनवरच्या डोरीननं पान उलटायला हात उचलला,
तेवढ्यात वडील खोकले.
खोटं खोटं. सवय नाही त्यांना, लगेच कळतं.
पाद्रीबाई पाण्याचा पेला घेऊन पुढे आल्या.
त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

डोरीन अठ्ठ्याहत्तरची. तिनं त्यांच्याकडे पाहिलं,
हात तसाच पानावर,
आणि तिसरं कडवं लगेच सुरू केलं नाही.